एकतारी

शहानियाच्या धावपट्टीपासून दीड किलोमीटरवर
आमचा दवाखाना: पत्र्याचं छप्पर, वाळूने घासून फिकी झालेली पाटी,
आणि एक एसी, जो पेशंटपेक्षा जास्त कण्हतो.

पहाटे चारला इद्रिसने वसमियाला आणलं.
पाच वर्षांची सांडणी. उजवा पुढचा गुडघा नारळाएवढा.
"चालते," तो म्हणाला, "पण बसत नाही.
दोन रात्री उभी आहे."
तो कस्सालाचा, मी उदगीरची,
आमची हिंदी दोघांनी मिळून मोडलेली.

हात ठेवला. गरम.
दुसऱ्या गुडघ्यावर ठेवला. गार.
तळव्याला कळणाऱ्या या फरकावर
माझी अर्धी विद्या चालते.

केस भादरले, तीनदा आयोडीन,
दोन हाडांमधल्या फटीत सुई सरकवली
आणि जे आलं ते अंगठा-तर्जनीत धरून
हळूच बोटं फाकवली.
रव्याच्या लाडवांचा पाक आई असाच बघायची,
झाऱ्यावरून थेंब उचलून, श्वास रोखून.
निरोगी सांध्याचं पाणी एकतारी असतं,
गव्हाच्या काडीच्या रंगाचं,
बोटाबोटांत ताणलं तरी धीर न सोडणारं.

वसमियाचं तुटलं.
नुसतं पाणी. हातमोज्यावरून मनगटाकडे ओघळलं.

इद्रिसला सांगायचं म्हणून जुळवत गेले:
मार बसतो, आतलं अस्तर फुगतं,
रक्तातून मदतीला येतात ते येतच राहतात,
दुखवट्याला आलेल्या पाहुण्यांसारखे;
तेरावा उलटला तरी उठत नाहीत
आणि कणगी तळाला लावतात.
खाल्ली जाते ती कूर्चा.
तिच्यात रक्त नाही, चेता नाही,
ती ओरडत नाही.
ओरडतं ते शेजारपाजारचं.
मग हाड कडेकडेने नवं हाड घालतं, टेकू म्हणून,
आणि तोच टेकू रुततो.

तो ऐकत होता. मग तिच्या खांद्यावरच्या
जुन्या तीन रेघांवरून बोट फिरवत म्हणाला,
"आमच्यात डाग देतात."
आमच्यातही, मी म्हणाले. बैलाला बिब्बा.
आगीवर दुसरी आग, म्हणजे पहिली विसरते.
मामाच्या खोंडाला लागूसुद्धा पडला होता.
कॉलेजात हे मी कुणाला सांगितलं नाही.

नऊला मॅनेजरचा फोन: गुरुवारी शर्यत आहे.
एक इंजेक्शन द्या, डॉक्टर, मागच्यासारखं.

मागच्यासारखं.
मागच्याचं नाव सय्याह होतं.
इंजेक्शनने सूज उतरते, ऊब जाते,
जनावराला वाटतं आपण बरे झालो,
माणसांनाही तसंच वाटून घ्यायचं असतं.
दुसऱ्या खेपेला तो वळणावर कोसळला,
पाठीवरचा यंत्र-जॉकी पडल्यावरही
चाबूक फिरवत राहिला.
कागदावर "धावण्यास योग्य" लिहिलेलं होतं.
अक्षर माझं.

या वेळी लिहिलं: चार महिने विश्रांती.
पलीकडे शांतता, मग अगदी सभ्यपणे,
"दुसऱ्या डॉक्टरांना दाखवतो."
उंट त्यांचा. कागद माझा. गुडघा कुणाचा,
असा रकाना फॉर्मवर नाही.

दिवसभर थंड पाण्याची धार, पट्टी, पुन्हा धार.
संध्याकाळी इद्रिसने मऊ वाळूचा ढीग केला,
दोरीला हिसका न देता नुसतं म्हणाला,
"बर्रक."
ती विचार करत राहिली.
म्हणाला, आमच्या भाषेत उंटाचं बसणं
आणि बरकत, मूळ एकच.
मला ते तपासायचं नव्हतं.

आधी डावा गुडघा.
मग थांबली, मान लांब करून हुंकारली.
मग मागचा डोलारा एकदम खाली.
उजवा पाय ती शेवटपर्यंत बाहेर धरून होती,
पंगतीत मांडी घालता न येणाऱ्यासारखा,
आणि नंतर तोही, इंचाइंचाने.

रस्त्यावरून गाडीचे दिवे वळले, आमच्याच फाटकाकडे.
इद्रिसने पाहिलं. उठला नाही.
पाठ तिच्या कुशीला टेकवली
आणि चपला काढून बाजूला ठेवल्या.